ऑफ-सीझन कुस्ती ते कॉलेजचा संघ: अमेरिकेतल्या हायस्कूल पैलवानाने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे

मार्चमध्ये राज्य स्पर्धा संपली की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एकच क्रम दिसतो: आधी स्पर्धांमागून स्पर्धा, मग बारावीच्या दिवाळीत कोचला ईमेल, आणि सगळ्यात शेवटी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका. हा क्रम नेमका उलटा आहे. कॉलेजचा कोच ऑफ-सीझनच्या स्पर्धेला येतो तो आधीच यादीत असलेली मुले पाहायला. त्या यादीत नाव नसेल तर मॅट क्रमांक १४ वरची उत्तम कुस्तीही कोणी पाहिलेली नसते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. इयत्ता आपल्या पद्धतीने मोजल्या आहेत: फ्रेशमन म्हणजे नववी, सीनियर म्हणजे बारावी.

## टप्पा १: नववीत आधी विषयांचा हिशेब

एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना, कॉलेजांना तीन डिव्हिजनमध्ये वाटते. डिव्हिजन १ आणि २ साठी हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय लागतात. डिव्हिजन १ ची विभागणी अशी (डिव्हिजन २ ची थोडी वेगळी): इंग्रजी ४ वर्षे, गणित ३ (अल्जेब्रा १ किंवा त्यावरचे), विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रे २, आणि उरलेली ४ वर्षे परदेशी भाषा वगैरे मान्य विषयांची. कोअर जीपीए (या विषयांची ४ पैकी गुणसरासरी) डिव्हिजन १ ला किमान २.३, डिव्हिजन २ ला २.२. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ पासून काढली. कॉलेजला प्रवेशासाठी ती लागू शकते, ती गोष्ट वेगळी.

आपली मुले अडकतात ती जीपीएवर नाही, वेळेवर. डिव्हिजन १ साठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. या दहा विषयांचे गुण तिथे गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा देऊन गुण वाढवले तरी धरत नाहीत.

हे करा:

१. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर शाळेची मान्य विषयांची यादी उघडा. मुलाचा प्रत्येक विषय त्याच नावाने यादीत आहे का ते पाहा. ऑनलाइन किंवा क्रेडिट रिकव्हरीचे (राहिलेला विषय भरून काढण्याचे) वर्ग हमखास इथेच गळतात.
२. अल्जेब्रा १ आठवीत झाले असेल तर ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसते का ते तपासा. तिथे नसेल तर मोजणार नाहीत.
३. नववीत मोफत प्रोफाइल उघडा. डिव्हिजन १ किंवा २ चा विचार पक्का झाला की अकरावीत पैसे भरून सर्टिफिकेशन खाते करा.

सावध: मूल नववी किंवा त्यापुढची एखादी इयत्ता भारतात शिकले असेल तर त्याची नोंद आंतरराष्ट्रीय प्रकारात होते, मग आता ते कुठेही शिकत असो. नववीपासूनच्या गुणपत्रिका आणि दहावी बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. गुणपत्रिका मराठीत असेल तर मूळ प्रत आणि ओळीनुसार इंग्रजी भाषांतर, दोन्ही. पुण्यातल्या शाळेतून नववीची दुय्यम प्रत मिळवायला किती फेऱ्या लागतात ते सांगायला नको. सुट्टीत गावी जाल तेव्हाच आणा.

## टप्पा २: पातळी ठरवा, स्वप्न नंतर

डिव्हिजन १ मध्ये शिष्यवृत्ती असते, पण कुस्तीत पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना. अनेक वर्षे एका संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तीसेक मुलांत तुकडे करून वाटल्या जात. २०२५-२६ पासून खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या नव्या न्यायालयीन समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, मात्र संघात ३० पेक्षा जास्त पैलवान ठेवता येत नाहीत. याचा फटका वॉक-ऑनना, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्यांना बसतो. पूर्वी चाळिसावा मुलगा निदान सरावाला तरी असायचा. आता ती जागाच उरली नाही.

डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी पैसा नसतो, पण गुणवत्तेवर आणि उत्पन्नावर आधारित मदत भरपूर असू शकते. जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ, एनवाययू, न्यू जर्सीतले स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट या सगळ्यांचे संघ डिव्हिजन ३ चे. आयव्ही लीगमध्ये कुस्ती सहा ठिकाणी आहे: कॉर्नेल, प्रिन्स्टन, पेन, कोलंबिया, हार्वर्ड, ब्राउन. तिथेही खेळाची शिष्यवृत्ती नाही. येल आणि डार्टमथला विद्यापीठाचा संघच नाही, तरी त्यांना ईमेल पाठवणारे असतात. एनएआयए (एनसीएएबाहेरची, मुख्यतः छोट्या कॉलेजांची संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे हे पर्याय कमी प्रतीचे मानू नका. जीपीए अडला असेल तर ज्युनिअर कॉलेज हाच सरळ रस्ता.

भूगोलही पाहा. टेक्सासात पुरुषांचा डिव्हिजन १ संघ एकही नाही. डॅलसच्या मुलाला घराजवळ राहायचे असेल तर यादी वेगळी बनते.

यादी अशी करा: वीस कॉलेजे. पाच अवघड, दहा जमण्याजोगी, पाच नक्की. प्रत्येकापुढे मुलाला हवा तो अभ्यासक्रम आहे की नाही आणि त्याच्या वजनाला आत्ता कोण आहे, कोणत्या वर्षाला आहे, हे लिहा. पुरुषांचे कॉलेज गट १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५ पौंड. १४९ ला दोन फ्रेशमन नुकतेच घेतले असतील तर तुमच्या १४४ पौंडांच्या मुलाला तिथे रांगच आहे.

## टप्पा ३: वर्षभरासाठी चारच स्पर्धा निवडा

प्रत्येक स्पर्धेचे काम वेगळे असते. कामाशिवाय स्पर्धा म्हणजे हॉटेलचे बिल.

मार्चअखेर, व्हर्जिनिया बीच. हायस्कूल कोचांच्या संघटनेची, एनएचएससीएची, राष्ट्रीय स्पर्धा. फोकस्टाइल (अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची कुस्ती), आणि गट इयत्तेनुसार. नववी-दहावीच्या मुलाला देशात आपण कुठे आहोत हे समजायला यासारखी जागा नाही, कारण समोर बारावीचा दांडगा पोरगा येत नाही.

एप्रिल-मे, राज्याची फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन (ऑलिंपिकमधले दोन प्रकार) स्पर्धा. यूएसए रेसलिंगचे सदस्यत्व लागते. ते सप्टेंबर ते ऑगस्ट असे चालते, म्हणून जुलैत नवे काढले तर दोन महिन्यांत संपेल.

जुलै, फार्गो. नॉर्थ डकोटातल्या फार्गोडोममधली १६ वर्षांखालील आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा. इथे थेट नाव नोंदवता येत नाही, राज्याच्या संघातूनच जावे लागते. पहिल्या आठांना ऑल-अमेरिकन हा मान. प्रत्येक राज्याचा निवडीचा नियम आणि पैसे भरायची तारीख वेगळी असते. पात्र ठरूनही तारीख चुकल्याने घरी बसलेली मुले दर वर्षी असतात.

ऑक्टोबर, सुपर ३२. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची ही स्पर्धा पुन्हा फोकस्टाइलची. अकरावी-बारावीच्या मुलासाठी ही सगळ्यात जास्त पाहिली जाते, कारण सह्यांचा काळ नोव्हेंबरात सुरू होतो. प्रवेशाचे निकष उन्हाळ्यातच वाचा.

ऑगस्ट पूर्ण रिकामा ठेवा. खांदा, गुडघा आणि डोके, तिघांनाही विश्रांती लागते.

तपासा: शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला दोन प्रश्न विचारा. शाळेचा कोच ऑफ-सीझनमध्ये किती शिकवू शकतो, आणि शाळेचे सिंगलेट (कुस्तीचा पोशाख) बाहेर घालता येते का? अनेक राज्यांत दुसऱ्याचे उत्तर नाही असे आहे.

## टप्पा ४: फोकस्टाइलची सवय मोडायला सहा आठवडे द्या

मार्चपर्यंत फोकस्टाइल खेळलेला मुलगा एप्रिलमध्ये फ्रीस्टाइलच्या मॅटवर उतरतो आणि पहिल्याच मिनिटात ०-६ ने मागे पडतो. ताकद कमी पडली म्हणून नाही. डोक्यात नियम जुनेच असतात.

पहिली चूक पाठीची. फोकस्टाइलमध्ये खालून सुटताना स्वतःच्या पाठीवरून लोळणे, म्हणजे ग्रॅनबी रोल, ही हुशारी समजली जाते. फ्रीस्टाइलमध्ये पाठ मॅटकडे नव्वद अंशांपलीकडे वळली की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण, मग ती तुम्ही आपणहून वळवली असली तरी. एकेरी पट लागल्यावर लोळून गोंधळ माजवणारी मुले इथे सगळ्यात जास्त गुण देतात.

दुसरी चूक खाली पडल्यावरची. फोकस्टाइलमध्ये लगेच उठायचे, कारण सुटकेचा एक गुण असतो. फ्रीस्टाइलमध्ये त्याला गुण नाही. गुडघ्यांवर उठायची घाई केली की कंबर मोकळी होते, वरचा पैलवान हात गुंफतो आणि भारंदाज (कमरेला मिठी मारून लोळवण्याचा डाव) बसतो. फोकस्टाइलमध्ये खाली असलेल्या पैलवानाच्या कमरेभोवती हात गुंफणे फाउल असल्याने या मुलांना भारंदाज अंगावर आल्याची सवयच नसते. पटाचे दोन आणि लागोपाठ चार भारंदाजांचे आठ, झाले दहा. तांत्रिक गुणाधिक्यावर सामना संपला, घड्याळात मिनिटही झालेले नसते. ग्रीकोत तर आठच्या फरकावर संपतो.

सराव असा: खाली जाताच पोट आणि कमरेचा पुढचा भाग मॅटला चिकटवायचा, कोपरे बरगडीशी, पाय फाकलेले, आणि वरच्याच्या गुंफलेल्या हातांपैकी खालचे मनगट दोन्ही हातांनी धरून सोडवायचे. वीस सेकंद तग धरला आणि हालचाल दिसली नाही की पंच दोघांना उभे करतात. जोडीदाराला पूर्ण पकड देऊन ही वीस-वीस सेकंदांची फेरी रोज दहा वेळा. बाकी डाव नंतर.

तिसरी कडेची. बाहेर पाऊल गेले की एक गुण जातो. मागे सरकत वेळ काढणाऱ्याला दुहेरी तोटा, कारण पंच निष्क्रियतेचे तीस सेकंदांचे घड्याळही लावतात.

ज्यांच्या घरी कोल्हापूर-सांगलीकडची कुस्ती आहे त्यांना इथे थोडे झुकते माप मिळते. कलाजंग, ढाक हे डाव फ्रीस्टाइलमध्ये भरपूर गुण देतात. फक्त गुडघ्यावर बसून मारायच्या डावात स्वतःचीच पाठ टेकत नाही ना, ते मॅटवर आधी पाहा.

मुलींसाठी हा टप्पा ऐच्छिक नाही. कॉलेजची महिला कुस्ती फ्रीस्टाइलच आहे. एनसीएएने जानेवारी २०२५ मध्ये तिला अधिकृत विजेतेपदाचा खेळ केले आणि पहिली स्पर्धा २०२६ ची. हायस्कूलमध्ये फक्त फोकस्टाइल खेळलेली मुलगी कोचच्या दृष्टीने अर्धीच दिसते. गटही पुरुषांपेक्षा वेगळे आहेत, १०३ ते २०७ पौंडांपर्यंत दहा.

मुलांचे याच्या उलट. कॉलेजला पुन्हा फोकस्टाइल, आणि तिथे रायडिंग टाइम असतो: वर राहिल्याची निव्वळ आघाडी एक मिनिटाची झाली की एक गुण. हायस्कूलला हे नाही. त्यामुळे खालून सुटता न येणारा मुलगा, उभ्याने कितीही चांगला असला, तरी कोचच्या वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. उन्हाळाभर फक्त फ्रीस्टाइल खेळून ही बाजू गंजू देऊ नका. आठवड्यात एक सराव खालून उठण्याचा ठेवा.

बॅगेत: लाल आणि निळे अशी दोन्ही सिंगलेट, ब्रेसेस असतील तर माउथगार्ड, जन्मतारखेचा पुरावा, सदस्यत्वाचे कार्ड.

## टप्पा ५: वजन आणि कातडी

सीझनमध्ये वजन उतरवण्यावर बंधने असतात: लघवीची घनता १.०२५ च्या आत, शरीरातली किमान चरबी मुलांना ७ आणि मुलींना १२ टक्के, आठवड्याला जास्तीत जास्त १.५ टक्के घट. ऑफ-सीझनमध्ये हा पहारेकरी नसतो आणि काही पालक तिथेच चूक करतात. वाढीच्या वयातल्या मुलाला जुलैत दहा पौंड उतरवून फार्गोला नेण्यात काहीच मिळवणे नाही. कोच हिशेब करतो तो दोन वर्षांनी हा मुलगा कोणत्या गटात बसेल याचा. त्याला मुलाची खरी चौकट दिसू द्या.

कातडीचे मात्र कडक पाहा. वजनाच्या वेळी तपासणी असते. गजकर्णाचा चट्टा दिसला तर साधारण ७२ तासांचे औषध झालेले असावे लागते, टाळूवर असेल तर पोटातून चौदा दिवस. म्हणून स्पर्धेच्या दोन आठवडे आधी मान, कानामागे, दंडाची आतली बाजू रोज पाहा. डॉक्टरांची सही असलेला फॉर्म सोबत हवा. फोनमधला फोटो चालेलच असे नाही.

## टप्पा ६: चित्रफीत

संगीत लावलेली दोन मिनिटांची झलक कोच पाहतात, पण त्यावर निर्णय घेत नाहीत. तीन ते पाच पूर्ण लढती द्या. त्यातली एक हरलेली असू द्या, चांगल्या पैलवानाशी आणि कमी फरकाने. हरताना मुलगा तिसऱ्या फेरीत काय करतो, हे त्यांना पाहायचे असते.

प्रत्येक फितीच्या नावात वर्ष, स्पर्धा, वजन, प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि मुलाच्या सिंगलेटचा रंग. कॅमेरा मॅटच्या कोपऱ्यातून, थोडा उंचावरून, आडवा धरून. आणि कृपा करून चित्रीकरण करणाऱ्याने ओरडू नये. "अरे पट काढ, पट!" हे संपूर्ण सहा मिनिटे ऐकत कोणी बसत नाही.

## टप्पा ७: ईमेल, स्पर्धेच्या आधी

इथे तारीख समजून घ्या. डिव्हिजन १ चा कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलू शकत नाही: फोन, मेसेज, ईमेल, काही नाही. शिबिराचे पत्रक किंवा प्रश्नावली पाठवू शकतो. त्याआधी तुम्ही ईमेल केले आणि उत्तर आले नाही तर तो नकार नव्हे. डिव्हिजन २ लाही १५ जूनच. डिव्हिजन ३ चे कोच ईमेलला आधीही उत्तर देऊ शकतात.

ईमेल मुलाने स्वतः लिहावे. बाबांच्या पत्त्यावरून, बाबांच्या भाषेत आलेले पत्र कोच दुसऱ्या ओळीत ओळखतो. विषयाच्या ओळीत पदवीचे वर्ष, नाव, वजन, राज्य, जीपीए. मजकूर सहा-सात ओळी:

१. मी कोण, कोणती शाळा, कोणता क्लब.
२. सध्याचे वजन आणि उंची.
३. उत्तम निकाल दोनच. "राज्यात पाचवा, व्हर्जिनिया बीचला दोन जिंकल्या दोन हरल्या" असे खरे लिहा. ब्रॅकेट, म्हणजे लढतींचा तक्ता, सगळ्यांना दिसते.
४. तुमच्याकडचा कोणता अभ्यासक्रम हवा आणि का, एक वाक्य.
५. पुढची स्पर्धा, तारीख, गट.
६. लढतींचा दुवा, ट्रान्सक्रिप्ट, क्लब कोचचा फोन.

पहिले पत्र स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. ड्रॉ लागला की दोन ओळी: मॅट आणि वेळ. स्पर्धा संपल्यावर दोन दिवसांत निकाल आणि एक लढत. ही तीन पत्रांची साखळी चार स्पर्धांना चालवली की वर्षात बारा नोंदी होतात, आणि त्याही न सतावता.

सावध: स्पर्धेच्या दिवशी मुलाच्या लढती संपेपर्यंत आणि तो मोकळा होईपर्यंत कोच त्याच्याशी बोलू शकत नाहीत. स्टँडमध्ये जाऊन हात मिळवायला मुलाला पुढे ढकलू नका. कोच नजर चुकवतोय तो नियमामुळे.

पैसे घेऊन भरती करून देणाऱ्या सेवा कुस्तीत फारशा कामाच्या नाहीत. या खेळात कोच ब्रॅकेट वाचतात आणि क्लब कोचला फोन करतात.

## टप्पा ८: भेटी

डिव्हिजन १ ची अधिकृत भेट अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. खर्च कॉलेजचा, मुक्काम दोन रात्रींपर्यंत. त्याआधी एलिजिबिलिटी सेंटरची नोंद आणि ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडे पोचलेले हवे. भेटी इथेच अडकतात, म्हणून टप्पा १ पहिला.

मुलाने विचारायचे: माझ्या वजनाला अजून कोणाला घेताय? तीसच्या यादीत मी कुठे? सरावामुळे इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळा बुडतात का? शेवटचा प्रश्न कोचला नाही, संघातल्या इंजिनीअरिंगच्याच मुलाला.

आयव्ही आणि डिव्हिजन ३ मध्ये अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्री-रीड मागा. ट्रान्सक्रिप्ट, परीक्षांचे गुण आणि बारावीचे विषय दिले की प्रवेश कार्यालय अंदाज कळवते. बारावीचे विषय नंतर हलके केले तर तो अंदाज रद्द समजा.

## टप्पा ९: पैसे, व्हिसा, सही

तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधील नसतो. फेसबुकवर जाहीर केले म्हणून तो पक्का होत नाही. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर, बारावीच्या नोव्हेंबरपासून. त्यात पाहा: रक्कम डॉलरमध्ये की टक्क्यांत, एका वर्षाची की चार, दुखापत झाल्यास काय, आणि गुणवत्तेची मदत यावर मिळते की यातून वजा होते.

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांचे तीन मुद्दे आधीच बोलून घ्या. त्यांना फेडरल आर्थिक मदत मिळत नाही. खेळाची किंवा गुणवत्तेची शिष्यवृत्ती मिळू शकते, पण जाहिरातीसाठी नाव-प्रतिमा वापरू देण्याच्या करारातून पैसे घेणे हे काम ठरू शकते, म्हणून इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय टी-शर्टचे दोनशे डॉलरही घेऊ नका. आणि एकवीस वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो. हा दिवस बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर बदल करायची तयारी आणि त्यानंतरची फी कोणत्या दराने लागेल, हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून सहीच्या आधी लेखी घ्या. जागतिक स्पर्धांसाठी अमेरिकेच्या संघात जायला नागरिकत्व लागते, तेव्हा त्या निवड चाचण्यांवर खर्च करण्याआधी पासपोर्ट पाहा.

सही झाल्यावर शेवटचे एक काम उरते: जूनमध्ये शाळेच्या काउन्सेलरकडून पदवीची तारीख असलेले अंतिम ट्रान्सक्रिप्ट एलिजिबिलिटी सेंटरला पाठवणे. शाळा जुलैत बंद असते.